चतुर्थीची पाच मिनिटं

१

हेडमास्तरांनी दाराला आतून कडी घातली, दौत बाजूला सरकवली आणि टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले.

"बाबाजी मास्तर, शाळेत चोरी झालीय."

चोरी हा शब्द ऐकला की बाबाजी मास्तरांच्या मिशा आपोआप वर जात. उरणच्या बाजारापासून मैलभरावरच्या त्या हायस्कुलात ते तीस वर्षं गणित शिकवत होते, आणि फावल्या वेळात गुन्हे शोधत होते. मागे शाळेच्या घंटेचा लोलक नाहीसा झाला, तेव्हा मास्तरांनी गावातल्या एकूण एक बकरीच्या गळ्यातली घंटा वाजवून बघितली आणि जिचा आवाज मधल्या सुट्टीसारखा आला तिच्या मालकाला जागच्या जागी धरला, असं खुद्द मास्तरच सांगत. एकाच गोष्टीची साक्ष एकच माणूस तीस वर्षं देत राहिला, की गाव ती मानून टाकतं.

"काय गेलं?" मास्तरांनी विचारलं.

"अकरावीच्या टेस्टची गणिताची प्रश्नपत्रिका. हा सदाशिव सरांनी हातानं लिहिलेला मूळ कागद, आणि ही पोरांना वाटलेली प्रत. तिसऱ्या प्रश्नातला शेवटचा भाग बघा."

मास्तरांनी चष्मा चढवला. प्रश्न होता, दिलेली क्रमिका गणितश्रेढी आहे की नाही ते ओळखा. म्हणजे शेजारशेजारच्या दोन संख्यांतला फरक दर वेळी तोच राहिला तर आहे, एकदा जरी बदलला तरी नाही. मूळ कागदावर लिहिलं होतं: भरतीच्या वेळा. द्वितीयेला १ वाजून ३० मिनिटं, तृतीयेला २ वाजून १५, चतुर्थीला ३ वाजून ०, पंचमीला ३ वाजून ४५. वाटलेल्या प्रतीवर सगळं तेच, फक्त चतुर्थीला ३ वाजून ५.

"आता गंमत ऐका," हेडमास्तर म्हणाले, पण चेहऱ्यावर गंमत नव्हती. "वर्गात अकरा मुलं. दहांनी वजाबाक्या केल्या. पंचेचाळीस, पन्नास, चाळीस. फरक बदलतोय, म्हणून 'नाही' लिहिलं. एकीनं लिहिलं, 'आहे, फरक ४५ मिनिटे.' एकच ओळ. वजाबाकीचा पत्ता नाही. सदाशिव सरांनी आपल्या मूळ कागदावरून पेपर तपासले, त्यामुळे ती एकटी बरोबर आणि दहा चूक. तिला शंभर. दुसरी आलेली कापडवाल्यांची कोकिळा काल पेपर घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. म्हणाली, 'सर, पाचाचं शून्य झालेलं तिला दिसलं कुठं?'"

"ती एकटी कोण?"

"गोदू."

नाव ऐकून मास्तरांना दुःख झालं की गुदगुल्या, हे त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही.

"ज्यानं मूळ कागद पाहिला त्यालाच असं उत्तर सुचणार," हेडमास्तर म्हणाले. "शनिवारी मॅट्रिकचे फॉर्म पुण्याला जातात. तोवर उलगडा झाला नाही तर गोदूचा फॉर्म मी अडवणार. पोरगी मिठागरावरची. एकदा फॉर्म अडला की बाप पुन्हा शाळेत पाठवायचा नाही, डोक्यावर मिठाची पाटी येईल. आणि कागद सरांकडूनच फुटला असेल तर त्यांची नोकरी अजून कायम झालेली नाही. छपाईचा मेणकागद तुम्ही लिहिलात ना? मूळ कागद तेव्हा कुठं होता?"

"शिक्षकांच्या खोलीत. टेबलावर, उघडा," मास्तर म्हणाले.

"आणि हा पाच?"

"मेणकागद घासला असेल. काळूराम शिपायाचा हात जड आहे."

"असेल. तो मुद्दा नाही. मूळ कागद कुणी पाहिला ते शोधा."

"माझ्यावर सोडा," बाबाजी मास्तर म्हणाले आणि मिशीला पीळ भरत बाहेर पडले.

२

दोन वर्षांपूर्वी सदाशिव सर मुंबईच्या लाँचमधून मोरा बंदरावर उतरले, त्या दिवसापासून मास्तरांच्या पोटात एक खडा होता. सर बी.एस्सी. होते, केस मागे वळवत, आणि फळ्यावर कंपासाशिवाय असं वर्तुळ काढत की पोरं टाळ्या वाजवत. हेडमास्तरांनी दहावी-अकरावीचं गणित सरांना दिलं आणि मास्तरांना नववीवर थांबवलं. तेही मास्तरांनी गिळलं असतं. पण गोदू गिळवेना.

गोदू त्यांची होती. पाचवीत, अंगावर मिठाची पांढरी रेघ घेऊन आलेली ती पोरगी मास्तरांनी हेरली होती. तिला कोणत्याही चार संख्या सांगा, पाचवी ती हसत सांगे. वाण्याला, न्हाव्याला, बंदरावरच्या हमालालासुद्धा मास्तर सांगत, "ही माझी पोर एक दिवस मॅट्रिकला पहिली येते की नाही बघा." पाच वर्षं त्यांनी ती पोर घडवली. दहावीत ती सरांच्या वर्गात गेली. एक दिवस वाटेत भेटली तेव्हा म्हणाली, "सर लई भारी शिकवतात, मास्तर!" सर म्हणजे ते. मास्तर म्हणजे हे. त्या दिवशी मास्तरांनी जेवण अर्ध्यात टाकून हात धुतला आणि बायकोला सांगितलं, आमटी खारट झाली.

आता त्यांनी चौकशीला काळूराम शिपायापासून सुरुवात केली. सायक्लोस्टाईलचं यंत्र काळूराम फिरवायचा.

"काळूराम, छापताना कागद कुणाला दाखवलास?"

"मास्तर, मना गनिताचा कागद बघितला का झोप येते. मी तोंड भिंतीकडं करून दांडा फिरवतो. यंत्राला शपथ घालून विचारा."

"यंत्र बोलतं?"

"माज्याशी बोलतं. दर वीस कागदाला किचकिच करतं. सदाशिव सरांनी तेल घाला म्हनून सांगितल्यापासून जरा कमी बोलतं."

इथंही सदाशिव सर! मास्तरांनी वहीत जोरानं रेघ ओढली. मग त्यांनी यंत्राखालच्या टोपलीतला वापरलेला मेणकागद उचलून उजेडाकडे धरला. अक्षर मोत्यासारखं होतं. शाळेतले सगळे मेणकागद मास्तरच लोखंडी लेखणीनं कोरत, आणि त्यांच्या अक्षराचा लौकिक पार अलिबागच्या कचेरीपर्यंत होता. चतुर्थीपुढचा पाच स्वच्छ होता. गोल पोट, वर शेंडी, कुठं घासलेला नाही, कुठं फाटलेला नाही.

"हा पाच कसा काय आला म्हनं?" काळूरामनं मागून विचारलं.

मास्तरांनी मेणकागदाची चौघडी घालून खिशात टाकली. पाच कसा आला हे त्यांना कुणालाच विचारायचं नव्हतं.

तो पाच त्यांनी स्वतः घातला होता.

३

बेत साधा होता. प्रश्न बिघडवायचा. परीक्षेच्या हॉलमध्ये मुलं गोंधळणार, सदाशिव सर छाती पुढे काढून म्हणणार 'ही श्रेढी आहे', मुलं वजाबाकी करून दाखवणार 'नाही', आणि सरांना दोन शेजारच्या संख्यांचा फरक कळत नाही हे अकरा तोंडांनी गावभर होणार. पण हॉलमध्ये कुणी हूं की चूं केलं नाही. बेत फुसका निघाला म्हणून मास्तर आठवडाभर हिरमुसले होते. आणि आता त्याच गळाला भलताच मासा लागला होता. सरांनी लाडक्या विद्यार्थिनीला पेपर फोडला! मास्तरांच्या मनानं निकाल देऊनही टाकला होता. पुरावा तेवढा गोळा करायचा राहिला होता.

सदाशिव सर शिक्षकांच्या खोलीत वह्या तपासत बसले होते. चेहरा उतरलेला.

"मास्तर, हा प्रश्न तुम्ही काढलात कुठून?" मास्तरांनी विचारलं, आणि चूक लक्षात येताच खोकले. "म्हणजे, सर, तुम्ही."

"मोरा बंदरावर. लाँच चुकली होती, एका होडीवरचा तांडेल गप्पा मारत होता. भरती रोज किती पुढे सरकते ते त्यानं सांगितलं. मला वाटलं, मुलांना पुस्तकाबाहेरचं काहीतरी द्यावं."

"मग गोदूला आधी दिलंत?"

सरांनी पेन खाली ठेवलं. "सोमवारी मोकळ्या तासाला तुमच्यासमोर बसून मी तो पेपर लिहिला. शाई वाळायच्या आत तुम्ही नेलात. त्याच तासाच्या शेवटी मी लाँच धरून आईला बघायला मुंबईला गेलो, तो परीक्षेच्या सकाळी आलो. माझा कागद तुमच्याजवळच होता ना, मास्तर?"

"टेबलावर ठेवला होता मी," मास्तर म्हणाले. हे वाक्य दुसऱ्यांदा बोलताना जरा जड गेलं.

कोकिळा व्हरांड्यात भेटली. तिच्या नाकावर राग बसलेला होता आणि उतरायचं नाव घेत नव्हता.

"मी काय खोटं बोलले, मास्तर? पाचवीपासून मी दुसरी. माझ्या वह्यांना पुठ्ठे, तिच्या वहीला मिठाचे डाग, तरी मी दुसरी. या वेळी उत्तर मी बरोबर लिहिलं आणि गुण तिला! असं तुमच्या बाबतीत झालं असतं, तर तुम्ही गप्प बसला असता?"

पोरीनं त्यांच्यापुढे आरसा धरल्यासारखं झालं होतं आणि आरशातल्या माणसाला दोन वेण्या होत्या.

गोदू मात्र बोलेचना. पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत उभी राहिली.

"कुणी सांगितलं तुला उत्तर?"

"कोणी न्हाय."

"मग वजाबाकी न करता कसं लिहिलंस?"

"मना ठाव व्हता."

"कसं ठाऊक होतं?"

तिनं वर बघितलं. डोळे काठोकाठ भरलेले. "तुमीपन मना चोर म्हनताय, मास्तर?"

ती पळाली. 'ठाऊक होतं' हे शब्द मास्तरांनी वहीत लिहिले आणि खाली दोन रेघा ओढल्या. कबुलीच ती! आता तिच्या घरून एवढंच काढायचं होतं, की सरांचं तिथं येणंजाणं किती.

४

तीस वर्षं खाडीच्या काठी राहून मास्तरांनी खाडीकडे कायम पाठ केली होती. होडीत बसले की त्यांना मळमळे, चिखलात पाऊल पडलं की पाप लागल्यासारखं वाटे. त्या दुपारी मात्र ते धोतर वर खोचून बांधावरून मिठागराकडे निघाले. दोन्ही बाजूंना रिकामे वाफे, त्यात माणसं नाचल्यासारखी चिखल तुडवत होती. यंदाच्या मिठासाठी जमीन घट्ट करायचं काम चाललं होतं.

गोदूचा बाप हिरामण बांधाच्या दारावर होता. भरतीआधी फळ्या टाकून ते दार बंद करायचं, नाहीतर समुद्र आत येऊन साऱ्या वाफ्यांची राबडी करतो, ते काम त्याच्याकडे. घरात आई, ठमाबाई, होती. तिनं घोंगडी अंथरली आणि काळा चहा पुढे केला.

"पोरीनं काय केलाय, मास्तर? कालपासून जेवली न्हाय."

"बाई, सदाशिव सर इकडं येतात का? एखादा कागद वगैरे घेऊन?"

"ते? पावसालेत एकदा आल्ते. गुडघ्यापर्यंत रुतले. आमी चौघांनी उपटून काढले, तवा चप्पल आत र्‍हायली. ती अजून तिथंच हाय, मोठी झाली असंल आता."

मास्तरांना हसू आलं आणि त्याचा त्यांना फार राग आला. ते पुढचा प्रश्न जुळवू लागले, तोच ठमाबाईनं दाराबाहेर बघितलं.

"तुमी बोला, पन लवकर बोला. आज सातम हाय. सव्वापाचला पानी भरंल, मंग खालची वाट बुडते. न्हायतर इथंच जेवाला लागंल, आनि आज नुस्ती निवट्यांची आंबटी हाय."

चिखलात टुणटुण उडणारे ते निवट्या मासे मास्तरांनी बांधावरून बघितले होते. त्यांची आमटी पानात येणार, या विचारानंच त्यांना कसंतरी झालं. ते घाईनं उठले, आणि उठता उठता थबकले.

"सव्वापाच कशावरून? घरात घड्याळ तर दिसत नाही."

"घड्याल मुकादमाकडं. आमाला तिथी हाय ना. तिथीची पाऊनपट केली का भरतीचा टायम. सात तिथीला सव्वापाच."

"उद्या अष्टमीला?"

"सहा."

"नवमीला?"

"पावनेसात. हे काय इचारता, मास्तर? हे तं रांगता पोरगा पन सांगंल. ह्यांनी दार लावाचा तवा भाकर घेऊन कोन जातं? गोदूच जाते, लहान व्हती तवापासून. तिला बोलाला यायच्या आधी भरती येत व्हती."

मास्तर पुन्हा घोंगडीवर बसले. पाऊणपट! दर तिथीला पाऊण तास, म्हणजे पंचेचाळीस मिनिटं, पुढच्या तिथीला पुन्हा पंचेचाळीस. जगातली सगळ्यात मोठी गणितश्रेढी तीस वर्षं त्यांच्या पाठीमागे चढत होती, उतरत होती, आणि त्यांनी एकदाही मान वळवली नव्हती.

"आणि चतुर्थीला?" त्यांनी विचारलं.

"तीन."

"तीन वाजून पाच मिनिटं नाही?"

ठमाबाई तोंडाला पदर लावून हसली. "पाच मिंटा कोनाची, मास्तर? दर्याची का तुमची?"

मास्तर बांधावर आले तेव्हा हिरामण फळ्या टाकत होता. पाणी दाराशी येऊन ठेपलं होतं, अगदी सांगितल्या वेळी. आता त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. गप्प बसलं, तर सदाशिव सर सामान बांधतील, अकरावी पुन्हा आपली, आणि आपल्यावर बोट उचलायला कुणी नाही. किंमत एवढीच, की शनिवारी अकराच्या ऐवजी दहा फॉर्म जातील.

५

शुक्रवारी सकाळी मास्तरांनी सगळ्यांना अकरावीच्या रिकाम्या वर्गात बोलावलं. हेडमास्तर खुर्चीवर, सदाशिव सर खिडकीशी, काळूराम दारात, कोकिळा आणि गोदू बाकाच्या दोन टोकांना. मधे एक बैलगाडी जाईल एवढी जागा.

मास्तरांनी फळ्यावर लिहिलं: षष्ठीला भरती ४ वाजून ३०. सप्तमीला ५ वाजून १५. अष्टमीला ६ वाजून १०. नवमीला ६ वाजून ४५.

"कोकिळा, मोठ्यानं वाच."

कोकिळानं शब्दन् शब्द वाचला. अष्टमीला सहा वाजून दहा.

"आता गोदू."

गोदू उभी राहिली. "षष्ठीला साडेचार, सप्तमीला सव्वापाच, अष्टमीला सहा, नवमीला पावणेसात."

"पुन्हा."

तिनं पुन्हा तसंच वाचलं. हेडमास्तर खुर्चीतून अर्धे उठले. "अगं, सहा वाजून किती? समोर बघ!"

"सहा, सर," गोदू म्हणाली. मग तिनं फळ्याकडे नीट बघितलं आणि तिचा चेहरा एकदम गोंधळला. "दहा? हे कोनी लिव्हला? असा न्हाय होत."

हेडमास्तर पुन्हा खुर्चीत बसले.

"हेच परीक्षेत झालं," मास्तर म्हणाले. "बाकी दहा मुलं बाजारातली, त्यांनी कागद वाचला. हिनं तिथी वाचली आणि पुढचं तिच्या आत होतंच. पाच तिला दिसलाच नाही."

हेडमास्तरांनी हनुवटी चोळली. "तिला येत होतं, हे पटलं. पण मूळ कागद तिनं पाहिलाच नाही, हे कशावरून? दोन्ही खरं असू शकतं. कागद दिवसभर टेबलावर उघडा पडला होता, तुम्हीच सांगितलंत."

हाच तो प्रश्न. रात्रभर मास्तर त्यातून पळवाट शोधत होते आणि प्रत्येक वाट बुडालेली होती.

"कागद टेबलावर नव्हता," मास्तर म्हणाले. "एक क्षणही नव्हता. शाई ओली होती तेव्हा मी तो उचलला आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात घातला. घरी नेला, कडी लावून बसलो, आणि कुठं बिघडवता येईल ते शोधत राहिलो. मेणकागद कोरला तेव्हाही तो माझ्याजवळ, आणि छापलेल्या प्रतींबरोबर मोहोरबंद पाकिटात घातला तोही मीच. सदाशिव सर मुंबईत होते. काळूरामचा हात जड नाही. तो पाच माझा आहे."

त्यांनी चौघडी घातलेला मेणकागद हेडमास्तरांच्या हातात दिला.

"पण का?" सदाशिव सरांनी विचारलं. रागापेक्षा नवल जास्त होतं, आणि तेच मास्तरांना फार लागलं.

"कारण तिनं तुम्हाला सर म्हटलं."

काळूराम भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"आजपासून मेणकागदाला हात लावायचा नाही," हेडमास्तर शेवटी म्हणाले, "आणि पुढचं मी कमिटीपुढे ठेवीन. गोदूचा फॉर्म उद्या जाईल." मग ते तिच्याकडे वळले. "पण पोरी, इतर सगळ्या गणितांत तू वजाबाकीची ओळ मांडलीस. इथंच का नाही मांडलीस? मांडली असतीस तर पाच दिसला असता."

"सर मांडायला सांगतात," गोदू म्हणाली. "पन मास्तरांनी नववीत शिकवलाय, क्रमिका आदी तोंडानं म्हनून बघायची, ठेका चुकला न्हाय तर श्रेढी. मी परतेक गनिताला आदी म्हनून बघते, मंग सरांसारखी मांडते. ही म्हटली तं ठेका बरोबर लागला. मंग कशाला मांडायची?"

दोन वर्षं ज्या एका वाक्यासाठी बाबाजी मास्तर जळत होते, ते वाक्य सगळ्यांसमोर, सरांसमोर, ठणठणीत आवाजात बोललं गेलं होतं. पोरगी अजून त्यांचीच होती. आणि त्यांच्याच शिकवणीनं ती नेमकी तिथं फसली होती.

"तर मग आता माझे गुण?" कोकिळानं विचारलं. कुणीतरी विचारायलाच हवं होतं.

हेडमास्तरांनी सदाशिव सरांकडे बघितलं, सरांनी गोदूचा पेपर आणि तांबडी पेन्सिल मास्तरांपुढे केली. "तुम्ही करा, मास्तर."

प्रश्न होता, दिलेली क्रमिका ओळखा. दिलेली. मास्तरांनी शंभर खोडले आणि त्यावर शहाण्णव लिहिले. मग कोकिळाच्या पेपरावर शहाण्णवाचे शंभर केले. कोकिळानं तो पेपर छातीशी धरला, आणि तरी गोदूकडे असं काही बघितलं, की पहिली आलेली कोण आणि दुसरी कोण हे नवख्याला सांगता आलं नसतं. गोदूला जे येत होतं त्याला घालायला तिच्याकडे पुठ्ठा नव्हता.

"मास्तर," गोदूनं विचारलं, "भरती तं बरोबर लिव्हली मी. मंग चार गुन का कापले?"

मास्तर पेन्सिल खाली ठेवत म्हणाले, "कारण कागदावर जे आहे तेच वाचायचं असतं, गोदू. आणि तोंडानं ठेका लागला तरी फरक मांडून बघायचा. मार्चमध्ये बोर्डाच्या पेपरात हे विसरू नकोस." पाच कबूल करताना झाला नव्हता इतका त्रास पुढचं वाक्य बोलताना झाला. "सदाशिव सर सांगतात तसंच करायचं."